पुढचा एकच ब्रेक

माझी नात सई पुण्यात शिकते. गेल्या महिन्यात तिनं सायकल घेतली आणि मला फोनवर फोटो पाठवला. बिनगियरची, बोटाएवढ्या जाडीचे टायर, ना मडगार्ड ना कॅरिअर, आणि ब्रेक एकच, पुढचा. पाठोपाठ फोन. "आजोबा, दुकानदार म्हणतो हा एक पुरतो. सायकल खरी थांबवतो तो पुढचाच ब्रेक, मागचा आपला नावाला. पुरतो ना हो?" मी "नाय पुरत!" म्हणून ओरडलो. एवढ्या जोरात, की आमची मंडळी ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि कोण गेलं म्हणून विचारायला लागली. सईला मी बजावलं की उद्याच्या उद्या मागचा ब्रेक बसवून घे, नाहीतर पहिल्या एसटीनं पुण्याला येतो आणि तुझ्या त्या दुकानदाराची बिनपाण्यानं करतो. ती हसली. म्हाताऱ्याला आता सगळ्याचीच भीती वाटते, असं वाटलं असेल तिला. खरं तर मला राग आला होता, आणि तो माझाच. दुकानदार बिचारा बरोबरच सांगत होता. तेच वाक्य सोळाव्या वर्षी मला तोंडपाठ होतं आणि मी ते दहा जणांना पटवून देत हिंडायचो.

आता आम्ही पेणला असतो, तेव्हा जवळच हमरापूरला राहायचो. घर म्हणजे पुढं पडवी, मधे माजघर, आणि मागं गोठा मोडून केलेला कारखाना. कारखाना म्हटलं की आजकालच्या पोरांना भोंगा आणि शिफ्ट आठवते. आमच्याकडं गणपती घडतात त्या जागेला कारखाना म्हणतात, मग ती चार पत्र्यांची खोली का असेना. मूर्ती उन्हाळ्यातच घडवून, वाळवून, फळ्यांवर ओळीनं लावून ठेवलेल्या असायच्या. लावणी उरकली की अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगावरचा चिखल धुवून जे कारखान्यात शिरायचे ते चतुर्थीपर्यंत फक्त जेवायला बाहेर यायचे. वर पत्र्यावर पाऊस, मागं खाचरात बेडकांची कचेरी भरलेली, आणि कोपऱ्यातल्या चुलीवर रंगात घालायचा सरस गदगद शिजत असायचा. सरसाचा वास ज्यानं घेतला त्यालाच ठाऊक. पाहुणे नाकाला पदर लावायचे. आम्हाला मात्र त्या वासाशिवाय भूक लागायची नाही. दुपारी आई मोड आलेल्या वालांची परात मधे ठेवायची आणि रंगानं माखलेले सगळे हात धुवून ते सोलायला बसायचे. नारळ घातलेलं वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर भाजलेला पोह्याचा पापड. आज माझी सूनही बिरडं करते, चांगलं करते, पण वाल पाकिटातले, सोललेले आणतात. एकत्र बसून सोलायचं काही उरलंच नाही, मग त्या चवीत काय तरी कमी पडतं. तिला हे सांगायची सोय नाही. तुम्ही सांगू नका.

अण्णांची सायकल काळी, उंच, सळ्यांच्या ब्रेकची. मूर्ती पेणच्या व्यापाऱ्यांकडं पोचवायला त्यांनी मागच्या कॅरिअरवर सागाच्या फळ्यांची एक चौकट बसवून घेतली होती. चौकटीत पेंढा, पेंढ्यात खोका, खोक्यात देव. ती चौकट मागच्या ब्रेकच्या सळ्यांना घासायची. अण्णांनी विचार केला, चौकट कापण्यापेक्षा सळ्याच काढू. काढल्या. एक सळी सरस ढवळायला झाली, दुसरी आईनं परसातल्या दोडक्याच्या वेलाला दिली. यात अण्णांनी काही जगावेगळं केलं असं समजू नका. आमच्याकडच्या निम्म्या कारखानदारांच्या सायकली अशाच होत्या. आमच्या भागात चढ म्हणजे खाडीच्या बांधाचा, आणि उतार म्हणजे त्याच बांधाची पलीकडची बाजू. बाकी मुलूख परातीसारखा. तिथं एक ब्रेक पुरतो. अण्णांनी मला शिकवलंही तसंच. "पुढचा हळू दाबायचा, बूड मागं सरकवायचं, नि अगदीच वेळ आली तर चप्पल भुईला लावायची. मागं देव बसलाय, त्याला धक्का नाय लागला पायजे." मी ते असं शिकलो की भरली पाण्याची घागर मागं ठेवा, थेंब सांडणार नाही. त्याचा मला माज होता. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला कुणी शाबास म्हटलेलं आठवत नाही, म्हणून असेल.

माझी मोठी बहीण कुसुम. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आम्ही तिला बाय म्हणायचो. मला अंघोळ घालणारी तीच, मारणारी तीच आणि मारल्यावर गूळ देणारीही तीच. पण गावात तिचं नाव झालं ते आखणीमुळं. मूर्तीला अंगाचा रंग झाला, पितांबर झालं, दागिन्यांची सोनेरी झाली, की शेवटी डोळे काढायचे, त्याला आखणी म्हणतात. त्यात एक केस इकडचा तिकडं झाला तर देव तिरळा होतो. अण्णांची आखणी चांगलीच होती. बायची वेगळी. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला ती उजव्या हाताच्या तीन बोटांत धरायची, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवायची आणि श्वास रोखायची. वरच्या पापणीची रेघ एका दमात. त्या वेळात कारखान्यात कुणी खोकायचं नाही. रेघ झाली, बुबुळ झालं, शेवटी पांढरा ठिपका दिला की ती श्वास सोडायची आणि माझ्याकडं बघून म्हणायची, "आता दिसतंय हां त्याला. आता त्याच्यासमोर थापा मारू नको." पेणचे व्यापारी यायचे ते विचारायचे, "अण्णा, मुलीच्या हातची आखणी किती नग मिळेल?" अण्णांना वाईट वाटायला हवं होतं. ते खूश व्हायचे.

बायचं लग्न झालं आणि ती रोह्याजवळ वरश्याला गेली. आता वरसे म्हणजे इमारती आणि नळ आणि पार्किंगची भांडणं. तेव्हा भाताच्या खाचरांत पन्नासेक घरं होती. भावोजी कंपनीत कामाला, माणूस सरळ. सासू कडक पण तोंडाची खरी, बाय त्यांना आत्याबाई म्हणायची. बाय गेली आणि आमचं घर जे गप्प झालं ते झालंच. मी तेव्हा सोळाचा, मिसरूड फुटलेला, मला रडायची चोरी. मी गुपचूप तिच्या कुंचल्यांची डबी उघडून वास घ्यायचो. आमच्याकडं लग्न झालेली मुलगी आपली आपण माहेरी येत नाही. माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं, त्याला मूळ जाणं म्हणतात. मूळ आलं नाही तर मुलगी दारात उभी राहून वाट बघेल, पण पिशवी उचलून एकटी निघणार नाही. निघाली तर सासरी लोक म्हणतात, हिला माहेरी कुणी विचारत नाही. पहिली दोन वर्षं गणपतीच्या आधी अण्णा मूळ गेले, एसटीनं. बाय यायची, पंधरा दिवस राहायची, आखणी करायची आणि कारखान्यात पुन्हा बोलणं-हसणं सुरू व्हायचं.

तिसऱ्या वर्षी अण्णांना हिवताप चढला. चतुर्थी अकरा दिवसांवर, फळ्यांवर दोनशेच्या वर मूर्ती रंगून बसलेल्या आणि एकीलाही डोळे नाहीत. अण्णांच्या हाताला असा कंप, की चहाची बशी धरवेना. आई म्हणाली, बायला आणल्याशिवाय हे व्हायचं नाय. पण वाटेत नागोठण्याला नदीचं पाणी चढलं होतं आणि दोन दिवस एसटी बंद. पाणी उतरलं तरी गाड्या सुरू होईनात. मी म्हटलं, मी आणतो, सायकलनं. अण्णा गोधडीतून म्हणाले, "रोहा काय इथं हाय व्हय रे?" मी म्हटलं, सकाळी निघालो तर दुपारी पोचतो, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन संध्याकाळपर्यंत परत. त्यांनी तापात डोळे मिटले. ब्रेकचा विषय ना त्यांनी काढला ना मी. आमच्या डोक्यातच आला नाही. नागोठणं आणि रोहा यांच्यामधे भिसे खिंड आहे हे आम्हाला ठाऊक होतं, एसटीतून ती पाहिलेली होती. पण एसटीत बसून खिंड बघणारा माणूस ब्रेक मोजत बसत नाही. खाडीकाठच्या माणसाची अक्कल सपाटीपुरती, दुसरं काय.

पहाटे निघालो. आईनं पिशवीत सासूबाईंसाठी पापड आणि हळदीच्या पानातले पातोळे दिले. उघाड पडली होती, रस्ता कोरडा, वारा पाठीवर. खिंड हातानं सायकल ढकलत चढलो आणि रोह्याच्या बाजूला उतरलो. एकटाच, मागं चौकट रिकामी, बूड मागं सरकवून, ब्रेक हळू हळू सोडत. उतरलो तो असा ऐटीत, की खाली आल्यावर मी स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, "हात्तिच्या, एवढीच काय ती खिंड!" आजही त्या पोराच्या एक कानाखाली द्यावीशी वाटते. वरश्याला पोचलो तर बाय विहिरीवर होती. मला बघून तिनं कळशी तशीच सोडली, ती गडगडत गेली, आणि पळत येऊन तिनं माझे दोन्ही कान धरले. "आलास रे मेल्या. मला वाटलं यंदा नाय येत कोण." कान सोडायलाच तयार नाही. मागून सासूबाई म्हणाल्या, "अगो, तो काय पळून चाललाय काय? कळशी बघ आधी."

रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. सायकलवर सून धाडायची हे त्यांना पटेना. भावोजी म्हणाले, अण्णा आजारी हायत, जाऊ दे तिला. सासूबाई माझ्याकडं वळल्या. "सायकल धड हाय ना रे? ब्रेक-बिक लागतात ना?" मी म्हटलं, "लागतात ना मावशी. झकास लागतात." बाय भांडी घासत होती. तिचा हात थांबला. त्या सायकलवर ती लहानपणापासून बसत होती, मागचा ब्रेक काढला तेव्हा पाना तिनंच धरला होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. मग ती खाली मान घालून पुन्हा भांडी घासायला लागली. दोघांनी मूग गिळले. तिला माहेरी यायचं होतं. मला तिला न्यायचं होतं. एवढंच होतं बघा, यापेक्षा वाईट काही आमच्या मनात नव्हतं.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी थांबला तेव्हा आम्ही निघालो. चौकटीवर गोधडीची घडी, तिच्यावर बाय एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. खिंडीच्या पायथ्यापर्यंत ती न थांबता बोलत होती. कुठल्या मूर्तीपासून सुरुवात करायची, आईला बिरडं करायला सांगायचं, सासूबाई झोपेत कशा ओव्या म्हणतात. चढ आम्ही चालत चढलो, मी पुढून ओढायचो, ती मागून ढकलायची. माथ्यावर कातळातून पाणी गळत होतं, ते तिनं ओंजळीनं प्यायलं, तोंडावर मारलं आणि समोर नागोठण्याच्या बाजूचा उतार बघितला. रस्ता काळा, ओला, कडेनं पाणी वाहत होतं. "दिनू, उतार चालतच जाऊ काय रे?" मी म्हटलं, "नाय गो. काल आलो की मी. पुढचा ब्रेक खरा असतो, मागचा आपला नावाला." तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "बरं. उशीर पण होईल." आणि बसली.

त्यानंतरचं मी आयुष्यभर कुणाला सविस्तर सांगितलेलं नाही, आता सांगतो. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग ब्रेक दाबतोय आणि तो नुसता कुईं करतोय. चाकाची कड ओली, ब्रेकची रबरं ओली, वर मागून दोघांच्या वजनाचा रेटा. मी दोन्ही हातांनी दांडा आवळला. चप्पल भुईला लावली, ती पायातून निसटून कुठं गेली कळलंच नाही. बाय मागून माझा सदरा धरून म्हणत होती, "हळू रे. दिनू, हळू. हळू रे बाळा." ओरडत नव्हती ती. लहानपणी मला झोपवताना जसं बोलायची तसं बोलत होती. मागचा ब्रेक असता तर मी तो कधीचा आवळला असता, सायकल मागून खेचली गेली असती, घसरली असती तरी सरळ घसरली असती. पण हाताशी एकच होता आणि तो दाबण्यावाचून मला दुसरं काही येत नव्हतं. दुसऱ्या वळणावर रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची एक मोरी होती. तिथं ऊन पडून रस्ता सुकलेला आणि वर खडी सांडलेली. रबरांनी तिथं एकदम पकड घेतली. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, आडवं फिरलं, आणि मी गवतात जाऊन पडलो. मला गुडघ्याला खरचटलं, बस. बाय मोरीच्या दगडी कठड्यावर गेली होती, हात पुढं करून.

मी धावलो तेव्हा ती उठून बसली होती. पिशवी शोधत नव्हती, कपाळावरचं रक्त पुसत नव्हती. मनगट नको तिथं वाकलं होतं, त्याच्याकडं ती बघत होती. म्हणाली, "उजवा हाय रे."

मी रडायला लागलो, चांगला हंबरडा फोडून. ती नाही रडली. खिंडीत चिटपाखरू नव्हतं, कठड्याला टेकून तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "ऐक. म्हैस आडवी आली म्हणून सांगायचं." मी म्हटलं, का गो? "एक ब्रेक व्हता म्हणून आपटलो असं सांगितलंस तर अण्णा सोताला खाऊन घेतील. नि आत्याबाईंना कळलं की त्यांच्या तोंडावर खोटं बोललो, तर मला पुन्हा धाडायच्या नायत. कळलं? म्हैस." असं म्हणून तिनं पदराचं टोक दातांत धरलं. मग एक ट्रक आला, ड्रायव्हरनं आम्हाला वर घेतलं, सायकलही घेतली, आणि पेणला दवाखान्यात बायचा हात प्लास्टरमधे गेला.

घरी मी म्हशीची गोष्ट सांगितली. अण्णा गोधडी पांघरून कारखान्याच्या दारात बसले होते. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या बाजूनं आली म्हैस?" मी म्हटलं डावीकडनं. त्याच वेळी माजघरातून बाय म्हणाली, "उजवीकडनं." अण्णांनी मान हलवली. सायकलकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा तो विषय मरेपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते तापातच उठले, डाव्या हातानं उजवं मनगट पकडून आखणीला बसले. बाय गळ्यात हात बांधून शेजारी बसायची आणि सांगायची, "वर घ्या अण्णा. अजून वर. आता सोडा." दोनशे मूर्तींचे डोळे असे झाले. एक व्यापारी म्हणाला, यंदाचे गणपती दमलेले दिसतात. मला त्या फळ्यांसमोरून जायची हिंमत व्हायची नाही. चतुर्थीनंतर अण्णांनी चौकट कापून मागचा ब्रेक पुन्हा बसवून आणला. बैल गेला नि झोपा केला.

हात जुळला. भाकऱ्या थापता यायच्या, पाणी काढता यायचं, पोरांना धपाटे घालता यायचे. पण तीन बोटांत कुंचला धरला की अंगठा थरथरायचा. पुढच्या वर्षी अण्णा मूळ जाऊन तिला घेऊन आले, ती कारखान्यात बसली, मूर्तीच्या गालाला करंगळी टेकवली, श्वास रोखला, आणि कुंचला खाली ठेवला. म्हणाली, "माझं काम झालं आता." मी दारातून बघितलं आणि परसात निघून गेलो. त्यानंतर मी तिच्यासमोर दोन मिनिटांवर कधी उभा राहिलो नाही. अण्णा थकले, तेव्हा मूळ जायची पाळी माझी होती. मी चुलतभावाला पाठवलं. मग माझी नोकरी धरमतरच्या जेटीवर लागली, शिफ्टचं कारण आयतंच मिळालं. अण्णा गेले, आई गेली. मग कुणालाच पाठवलं नाही. लग्नाकार्यात भेट व्हायची, ती लांबून हसायची, मी पाहुण्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं सटकायचो. लोक म्हणायचे, भावाबहिणीचं काय बिनसलंय? काही बिनसलं नव्हतं हो. तिचा हात माझ्या डोळ्यांसमोर यायचा, बस. सगळं आयुष्य मी असं काढलं आणि त्याला मी पश्चात्ताप समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी बाय न्हाणीघरात पडली, कमरेचं हाड मोडलं. तेव्हा मला राहवेना. वरश्याला गेलो. ती खाटेवर, केस पांढरे, तोंडात दात नाहीत, पण आवाज तोच. "आलास रे मेल्या." मी पायाशी बसलो आणि जे बोलायचं होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, बाय, तुझा हात माझ्यापायी गेला. तुला माझा राग आला असेल. 

"आला ना," ती म्हणाली. "लई आला. पण हाताचा नाय रे. एक ब्रेक हाय ते मला काय ठाऊक नव्हतं? मीपण गप बसले. हात आपल्या दोघांनी मोडला. पण तू परत न्यायला नाय आलास. गणपती आले की मी दारात बसायची. सायकलची घंटा वाजली की उठायची. पोस्टमन असायचा. सूनबाई येईपर्यंत बसायची मी तशी, दरवर्षी. आत्याबाई विचारायच्या, भाऊ कुठं मेला तुझा? मी सांगायची, त्याची शिफ्ट असते."

मी सरकून उशाशी गेलो आणि खाटेच्या कडेला डोकं टेकलं. तिनं तोच उजवा हात, वाकडा जुळलेला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि केसांत बोटं फिरवत राहिली. मी म्हटलं, "बाय गो, आता आलोय. चल, नेतो." ती म्हणाली, "आता कुठं रे." खरंच होतं. पुढच्या खेपेस माझ्या मुलानं गाडी आणली होती. चौघं मिळून तिला उचलून आत बसवायला गेलो तर ती अशी कळवळली, की तिच्या मुलानं आमच्यापुढं हात जोडले. वॉकर धरून ती ओट्यापर्यंत येते. त्याच्यापुढं नाही.

आता गणपतीच्या आधी मी दरवर्षी जातो. आधी फोन करून कळवतो, मूळ येतोय म्हणून. तिची सून मला सांगते की आदल्या दिवशीच म्हातारीची गडबड सुरू होते. मी पोचतो तेव्हा बाय नवं पातळ नेसून, केसांना तेल लावून, मांडीवर पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली असते. मी म्हणतो, "न्यायला आलोय." ती म्हणते, "कधीची तयार हाय मी." मग मी तिच्या शेजारी बसतो. रस्त्यावरून गाड्या जातात त्या बघत आम्ही दोघं बसून राहतो, पाच वाजेपर्यंत, आणि मग मी एकटाच एसटीनं पेणला परत येतो.